भरती हाय रे!

सुक्या बोंबलांचा वास आला की मी बोरिवलीच्या बाजारातही रस्ता बदलतो. तो वास गोराईच्या पलीकडच्या त्या सामसूम किनाऱ्याचा आहे. दादाला पोलीस भरतीत धावायचं होतं, म्हणून दर रविवारी सकाळी आम्ही जेट्टीवरून बोटीने तिकडे जायचो. तो वाळूत धावायचा, मी मोबाइलवर वेळ लावायचो. तिथे बांबूंवर बोंबील वाळत घालणाऱ्या मावशीने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "कशाला धावता रे?" "भरती आहे ना, मावशी!" दादा म्हणाला होता. त्या रविवारी धावून दमल्यावर तो पोहत समोरच्या खडकावर गेला आणि डोळे मिटून पसरला. पोहायला तो पालिकेच्या तलावात शिकलेला. बाबा मालवणचे, पण आम्हाला समुद्र माहीत होता तो फक्त सुट्टीतला. मी वाळूत पालथा पडून मोबाइल बघत होतो. लांबून मावशी ओरडली, "भरती हाय रे, भरती!" मी मान न वळवता हात हलवला, "हो मावशी, पुढच्या महिन्यात! पेढे आणतो!" मग ती हातातले बोंबील टाकून माझ्याकडे धावत सुटली, तेव्हा कुठे मी मागे बघितलं. खडक दिसतच नव्हता. दादाचं डोकं दोनदा वर आलं, मग नुसतं गढूळ पाणी. आई अजूनही विचारते, "एवढ्या किनाऱ्यावर एकानेही हाक मारली नाही रे?" मी म्हणतो, "नाही गं."