सूत्रावर विश्वास नसलेले आबा

रसायनाचं नाव न घेता नुसतं सूत्र सांगितलं की आबांचं डोकं फिरायचं. जळगावच्या आमच्या रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळा त्यांच्याकडे होती. मी धुळ्याहून येऊन त्यांच्या हाताखाली नवीनच लागले होते. "सी फोर एच टेन ओ आणू का?" असं विचारलं, तर अहिराणीतून अंगावरच आले. "हाई आडनाव शे, नाव नही! आमना गावमा बठ्ठा पाटील शेतस, म्हनीसन बठ्ठा एकच का?" गावात सगळेच पाटील, म्हणून सगळे एकच माणूस का, असा त्यांचा सवाल.

मग स्टूल ओढून समजावत बसले. या सूत्राचं ब्युटेनॉल रंगात, वार्निशात लागतं. याच सूत्राचं इथर अर्क काढायला वापरतात. अणू तेच, तेवढेच, जोडणी वेगळी. पण इथर पस्तीस अंशांनाच उकळतं, आणि त्याची वाफ जमिनीलगत सरपटत जाऊन लांबच्या जाळावर पेटते.

मे महिन्यात ब्युटेनॉल मागवलं होतं. आलेल्या पिंपावर नुसतं सूत्र लिहिलेलं. आबांनी नमुन्याचा थेंब तळहातावर घेतला. तो बघता बघता उडाला आणि हात गार पडला. ब्युटेनॉल असं झटकन उडत नाही, हे इथर होतं. तोवर पिंप पत्र्याच्या शेडमध्ये नेलंही होतं, वार्निशच्या भट्टीशेजारी! साठीचा हा माणूस धावत सुटला. भट्टी विझवली, ओरडून सगळ्यांना बाहेर काढलं.

मॅनेजरसाहेब संतापले. "सूत्र जुळतंय ना? मग काम का बंद पाडलं?"

"साहेब, माणसं जळाली असती!" आबा म्हणाले.

पिंप दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गारव्यात गुपचूप परत गेलं. म्हणजे आबांचंच बरोबर होतं, हे साहेबांना ठाऊक होतं. तरी घबराट पसरवल्याचा ठपका आबांवर. माफी लिहून द्यायला त्यांनी नकार दिला, म्हणून नोकरी गेली. त्या ठपक्याच्या कागदावर साक्षीदार म्हणून सही कुणाची? माझी. साहेबांनी पेन पुढे केलं आणि मी घेतलं.

आबा अमळनेरच्या बसला निघाले तेव्हा मी फाटकापर्यंत गेले. ते म्हणाले, "तुनी नोकरी नवी शे, माले समजस. पन तपासणीना कागदवर अशी सही कधी करू नको, बेटी."

दुसऱ्या दिवशी मी साहेबांकडे तो कागद परत मागितला. "फाइलला लागला," म्हणाले. पिंप आलं त्या दिवशी अकरा माणसं धडधाकट घरी गेली, याची नोंद मात्र कुठल्याच फाइलीत नाही. साहेबांचा राग येतोच. पण जास्त येतो तो माझ्या त्या वळणदार सहीचा.