दादाने उघडून दिलेलं फोल्डर

वहिनींचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. "सुधा, हे उठत नाहीयेत गं..." एवढंच त्या बोलल्या. माझ्या सुदामा नगरच्या घरून त्यांच्याकडे स्नेहलतागंजला पोचेपर्यंत डॉक्टर येऊन गेले होते. दादा झोपेतच गेला. सत्त्याहत्तर वर्षांचा होता, आदल्या संध्याकाळी मित्रांबरोबर कचोरी खाऊन आला होता. आता सहा आठवडे झाले. रडू ओसरलंय, आणि आठवतो तो त्याचा हसरा चेहरा.

दादा महूच्या एका शाळेत गणित शिकवायचा. रिटायर झाल्यावर त्याने कॉम्प्युटरचा नाद लावून घेतला. स्वतःच्या आणि मग माझ्याही मशीनवर त्याने विंडोज आणि लिनक्स अशा दोन्ही सिस्टिम घातल्या. सुरू करताना हवं ते निवडायचं. "घरात दोन चुली असल्या की उपाशी राहायची वेळ येत नाही," म्हणायचा. आईच्या शेवटच्या वर्षांत मी तिचं बोलणं रेकॉर्ड केलं होतं. आजोबांची संस्थानी दफ्तरातली नोकरी, तिची शाळा, अर्धं मराठी, अर्धं माळवी. ते सगळं लिनक्सच्या फोल्डरमध्ये होतं. मागच्या वर्षी दादाने ते फोल्डर तसंच ठेवून जुनं लिनक्स काढलं, नवं टाकलं, आणि त्या फोल्डरवर कुलपाचं चित्र आलं. क्लिक केलं की एकच उत्तर, परवानगी नाही. विंडोजमधून तर ते दिसेचना. मी नको ते बोलले. "आईचा आवाज घालवलास तू!" तो चहा न घेताच निघून गेला...

पण दुसऱ्या दुपारी पुन्हा हजर. तीन दिवस येत राहिला. तिसऱ्या दिवशी माझ्या मशीनवर सहज स्वतःच्या खात्यातून आत शिरला, तर फोल्डर झटक्यात उघडलं! त्याने मांडीवर थाप मारली. "अरे यार, गलती मेरी ही है! नवं टाकताना मी आधी माझं खातं केलं, मग तुझं. हा कॉम्प्युटर माणसाला नावाने नाही, खात्याच्या नंबराने ओळखतो. आधी पहिला नंबर तुझा होता, आता माझा आहे. म्हणून तो मलाच मालक समजतोय."

"मग आता?"

"आता मालकी तुझ्या नावावर करायची. मी सांगतो, तू टाइप कर. वहीत पण लिही."

मी एकेक अक्षर शोधत टाइप केलं, एंटर दाबलं. कुलूप गेलं. आई बोलायला लागली, "अगं, आधी ऐक तर..." आणि आम्ही दोघं म्हातारी भावंडं हसता हसता डोळे पुसायला लागलो. मी म्हटलं, "फार बोलले रे तुला." तर म्हणे, "पोहे कर, वरून सेव घाल. झालं माफ."

त्या दिवशी सगळी रेकॉर्डिंग तो कॉपी करून घेऊन गेला. घरी बसून लिहून काढत होता, हे मला वहिनींनी परवा सांगितलं. ते छापावं असं त्यांच्या मनात आहे. पण त्याच्या फोल्डरला कुलूप, आणि पासवर्ड तर त्याच्याबरोबरच गेला. सुदैवाने त्याने वहिनींचंही खातं करून ठेवलं होतं, सगळे अधिकार देऊन. मी वही घेऊन गेले. पासवर्ड वहिनींनी टाकला, बाकीचं मी. मालकाच्या जागी त्यांचं नाव आलं. "चला, यांच्या कॉम्प्युटरची मालकीण झाले एकदाची," म्हणून त्या कित्येक दिवसांनी मोकळ्या हसल्या.

आत एकच लांबलचक फाइल होती. आईचं बोलणं शब्दन् शब्द उतरवलेलं. जिथे ऐकू आलं नाही तिथे टिंबं, आणि पुढे कंसात, 'सुधाला विचारणे'. अशा जागा पुष्कळ आहेत. दुपारी मी वहिनींकडे जाते, त्याच्या खुर्चीत बसते, कानाला हेडफोन लावते आणि एखादी जागा भरते. काही शब्द मलाही कळत नाहीत. मग वहिनी चहा ठेवतात, आणि आम्ही दोघी पुन्हा पहिल्यापासून ऐकतो.