सारीसाझची वार्ता

बुरुल चित्रकार आहे, असं गावात कुणी म्हणत नसे. ‘चिखलात बसते ती’ एवढी खूण पुरे व्हायची. नारीन नदीच्या वरच्या अंगाला सारीसाझ नावाची पाणथळ होती. तिथे ती तरुणपणापासून गुडघाभर बुटांत बसत आली होती. आधी नवऱ्यासोबत, मग एकटी. नवरा झाकीर वनस्पतींचा अभ्यासक. तो मोजायचा, लिहायचा, ती काढायची. मूळ, पान, फूल, बी, सगळं एकाच कागदावर. डोळ्यांनी पाहिलं नाही ते काढायचं नाही, हा त्याचा दंडक. त्यावरून दोघांची चांगली जुंपायची, कारण बुरुलला मध्येच एखादं फुलपाखरू बसवायचा मोह होई.

झाकीर गेला तेव्हा दोघांचं खोऱ्यातल्या वनस्पतींचं पुस्तक एका चित्रावर अडलं होतं. बोटभर उंचीचं जांभळं फूल, सारीसाझखेरीज कुठे न सापडलेलं. त्याचं बी तेवढं काढायचं राहिलं होतं. बी धरायच्या आत गुरं ते फस्त करायची, आणि ज्या वर्षी गुरं चुकली त्या वर्षी बुरुलच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. बी खसखशीहून बारीक, आणि तिला समोरची एक किटलीही दोन दिसायची.

या उन्हाळ्यात तिने त्या फुलांभोवती काटक्यांचं कुंपण घातलं आणि थोरले दीर कासिमाली यांना बजावलं, “भाऊजी, मी बिश्केकला डोळ्यांचं ऑपरेशन करून येते. तोवर गुरांना तिकडे फिरकू देऊ नका.”

“गुरांनाच काय, माशीलाही फिरकू देणार नाही. तू जा,” म्हातारा म्हणाला. “नीट दिसायला लागलं की आधी माझं तोंड बघ, म्हणजे म्हणशील, आंधळी होते तेच बरं होतं.”

ऑगस्ट सरता सरता ती परतली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा टाकते न टाकते तोच अंगणात पांढऱ्या लोकरी नमद्याच्या टोप्या दिसल्या. गावातली वडीलधारी माणसं, पुढे कासिमाली. सगळे ओळीने आत येऊन बसले. मोठी जाऊ न विचारता बुरुलला खेटून बसली आणि तिने तिचा दंड धरला.

बुरुलला ही रीत ठाऊक होती. त्यांच्यात मरणाची बातमी तोंडावर फेकत नाहीत. वडीलधारे जमतात, आडून आडून बोलतात, आणि ऐकणारी कोसळली तर सावरायला एक बाई शेजारी बसते. झाकीरची बातमी अशीच आली होती. आता उरला होता एकच. मुलगा एल्दियार, मॉस्कोत उंच इमारतींवर काम करणारा.

कासिमालींनी घसा खाकरला. “बुरुल, डोंगर कितीही मोठा असला तरी एक दिवस खचतो. नदी कितीही भरलेली असली तरी...”

“एल्दियार!” ती किंचाळली. “कुठून पडला? सांगा ना, कुठून पडला माझा पोरगा?”

“अगं पोरगा नाही! पोरगा खुशाल आहे! कालच माझ्या नातवाशी फोनवर बोलला.” म्हातारा पार गडबडला. “सारीसाझ... सारीसाझ गेली, पोरी. दोन हिवाळे धड बर्फ नाही. सगळ्यांचे बटाटे करपायला लागले. जिल्ह्याहून खोदायचं यंत्र आलं होतं, चर मारला, पाणी खाली शेतांना घेतलं. मीच हो म्हटलं.”

चिखलाच्या एका तुकड्यासाठी अशी बैठक गावात कधी बसली नव्हती. पण ती जागा बुरुलची कोण होती हे त्यांना ठाऊक होतं, आणि सांगायची दुसरी रीत त्यांना येत नव्हती.

बुरुल हसली. इतकी हसली की जावेने दंड आणखी घट्ट धरला.

“पाणथळ होय! जीव घेतलात की माझा! अहो, खड्ड्यात गेली ती पाणथळ! माझा पोरगा आहे ना धड?”

तिने साय काढली, लोणी काढलं, रोट मोडून सगळ्यांपुढे ठेवला. म्हाताऱ्यांच्या जिवात जीव आला. पोटभर खाऊन, तोंडावरून हात फिरवून, दुआ देऊन ते उठले. जाऊ निघताना म्हणाली, “शहाणी आहेस हो. मला वाटलं, घर डोक्यावर घेशील.”

दुपारी ती वर गेली. नव्या डोळ्यांना सगळं दिसत होतं. समोरच्या कड्यावरचा एकेक दगड, चराची सरळसोट कड, भेगाळलेली काळी माती. कुंपण जसंच्या तसं उभं होतं. आतली झाडं उभ्या उभ्या वाळली होती. तिने एक बोंड नखाने फोडलं. आत भुसा. दुसरं फोडलं, तिसरं फोडलं. बी भरायच्या आधीच पाणी तुटलं होतं.

ती तिथेच बसली, पण तिला रडू येईना. सकाळी हसलेली बाई आता कुठल्या तोंडाने रडणार? पोराच्या जिवापुढे चिखलाची काय किंमत, हे खरंच होतं, आणि त्या खऱ्यानेच तिचं रडणं अडवलं होतं. नवऱ्यामागे तिचं म्हणून जे होतं ते इथे होतं. ते गेल्याचं ऐकून तिने लोकांना साय वाढली होती. गावाच्या लेखी विषय संपला होता. आता समाचाराला कुणी येणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कासिमालींच्या घरी गेली. ते घोड्याचा लगाम शिवत बसले होते.

“भाऊजी, काल मी ऐकलंच नाही. पुन्हा सांगा.”

“काय पुन्हा सांगू?”

“सगळं, पहिल्यापासून. पोरगा खुशाल आहे हे आता मला ठाऊक आहे. आता नीट सांगा, आपल्यात सांगतात तसं.”

“बाई गं, काल तर हसत होतीस,” जाऊ चुलीपाशी बसून म्हणाली.

“हसले. म्हणूनच आले.”

कासिमालींनी लगाम बाजूला ठेवला आणि टोपी डोक्यावर चढवली. जाऊ उठून बुरुलजवळ येऊन बसली, तिने दंड धरला.

“बुरुल,” ते म्हणाले, “डोंगर कितीही मोठा असला तरी...” पुढे त्यांना बोलता येईना. “गुरं मी जाऊ दिली नाहीत गं तिकडे,” ते कसेबसे म्हणाले. “एकदासुद्धा नाही.”

तेव्हा बुरुलला रडू फुटलं, आणि जावेला तिला दोन्ही हातांनी धरावं लागलं.