शब्दांच्या उगमाकडे गेलेली हौसा

हौसाच्या थोरल्या भावाचा, बिरूदादांचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर सांडगे घालत होते. वाटलेल्या डाळीने माखलेल्या हातानेच फोन घेतला. "म्याडम, हौसा गेली," एवढंच ते म्हणाले. पलीकडून वाऱ्याचा आवाज येत होता. आटपाडीकडच्या उघड्या माळावरचा कोरडा वारा... त्याला आता सहा आठवडे झाले. साताऱ्यातल्या आमच्या शाळेत हौसा गणित शिकवायची, मी विज्ञान. पस्तीस वर्षांची मैत्री. तरी तिच्याविषयी लिहायला एवढा वेळ लागला, कारण तिच्या शेवटच्या वर्षात मी जे ऐकलं ते कसं सांगावं, हेच कळत नव्हतं.

हौसा मेंढपाळाच्या घरातली. तिच्या जन्माआधीच दुष्काळात घरातला कळप संपला होता, वडील दुसऱ्याच्या शेतात राबायला लागले होते, त्यामुळे ती मेंढरांमागे कधी हिंडली नाही. शिकली, साताऱ्याला आली आणि साताऱ्याचीच झाली. तिला वेड एकच. कुठलाही नवा धडा ती गणिताने सुरू करत नसे, शब्दाने करे. "हा शब्द कुठल्या गावचा, ते आधी विचारा," असं मुलांना सांगायची. त्रिकोणमितीच्या पहिल्या तासाला ती फळ्यावर एक धनुष्य काढायची. धनुष्याची दोरी म्हणजे ज्या. आपल्याकडच्या जुन्या गणितींनी वर्तुळातल्या रेषेला ते नाव दिलं. तो शब्द अरबांकडे गेला, तिथे तो नुसत्या व्यंजनांत लिहिला गेला, आणि पुढच्या वाचणाऱ्यांनी त्याचा उच्चार बदलून भलताच शब्द वाचला. त्याचा अर्थ होता छातीवरची कापडाची घडी, खिसा. युरोपातल्या लोकांनी त्या खिशाचं इमानेइतबारे भाषांतर केलं आणि 'साइन' तयार झाला. "आपली दोरी परदेशी गेली नि खिसा होऊन परत आली गं शैला," असं म्हणत ती इतकी हसायची की डोळ्यांत पाणी यायचं.

शून्याविषयी बोलताना मात्र ती हसत नसे. त्या शब्दाचं मूळ फुगण्याच्या अर्थाच्या धातूत सांगतात, जे फुगतं ते आतून पोकळ असतं, हे तिला पाठ होतं. पण तेवढ्याने तिचं समाधान होत नव्हतं. "एकशे पाच लिहिताना मधल्या घरात कुणी नसतं, तरी ते घर आपण राखून ठेवतो. हे पहिल्यांदा कुणाला सुचलं असेल? मला वाटतं, त्याचं काहीतरी हरवलं असणार." मी भौतिकशास्त्रवाली. मला असल्या बोलण्याची गंमत वाटायची, बाकी काही नाही.

निवृत्तीनंतर ती माझ्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायला आली. दोनेक वर्षांपूर्वी पहिला धक्का बसला. शेजारच्या मुलीला उदाहरण समजावताना ती साइन थीटा म्हणण्याऐवजी "खिसा थीटा" म्हणाली. आम्ही हसलो. हौसाही हसली, पण तिने माझ्याकडे जरा घाबरून पाहिलं... काही महिन्यांत खिसाही गेला. पुस्तकातल्या त्या चिन्हावर बोट ठेवून ती "दोरी" म्हणायला लागली. साताऱ्यातल्या डॉक्टरांनी समजावलं की स्मृतिभ्रंशात नवं आधी जातं, जुनं मागाहून, यात नवल काही नाही. मी मान डोलावली. पण परतीच्या गाडीत माझ्या मनात येत राहिलं, की शब्द ज्या वाटेने आले त्याच वाटेने ही उलटी निघाली आहे. एकेक गाव मागे टाकत.

मी तिला धरून ठेवायचा प्रयत्न केला. रोज दुपारी अंकांचे पुठ्ठे घेऊन बसायचे. "हे काय? शून्य म्हण." ती पुठ्ठा हातात घ्यायची, त्या गोलावरून बोट फिरवायची आणि बाजूला ठेवायची. मग पाच गेला, तीन गेला. तिची शाळेतली भाषाही गेली, 'आहे'चं 'हाय' झालं. आणि एका दुपारी, अंक संपल्यावर, तिने खिडकीबाहेर बघत संथपणे म्हणायला सुरुवात केली. "काळतोंडी. भुरी. कानफाटी. पांढरकपाळी..." अशी वीस-बावीस नावं. "लंगडी" म्हटल्यावर ती थांबली. चांगली दोन श्वास थांबली. मग पुढची दोन नावं घेऊन गप्प झाली.

ते रोजचंच झालं. क्रम तोच, थांबणंही तिथंच. एकदा मला राहवलं नाही. "लंगडीनंतर काय? विसरलीस का?" हौसाने माझ्या ओठांवर बोट ठेवलं. "थांब की. यिऊ दे तिला."

मी बिरूदादांना बोलावून घेतलं. हौसाहून दहा वर्षांनी मोठा असलेला हा तिचा भाऊ, आता पुन्हा थोडी मेंढरं बाळगून असलेला. दुपारी हौसाने सुरुवात केली तेव्हा ते चहा पीत होते. चौथ्या नावाला त्यांनी कप खाली ठेवला.

"आवं म्याडम, हे हिला कुणी सांगितलं?"

"मला वाटलं, तुमच्या घरातलंच असेल."

"घरातलंच हाय. आज्जाला आकडं येत न्हवतं. मेंढरं जाळीच्या कुंपणात घेताना तो अशी नावं घ्यायचा. पर आज्जा गेला तवा ही जन्माला बी न्हवती. बानं ते म्हणायची बंदी घातलीती."

"आईनं झोपवताना म्हटलं असेल."

"आय? मी चुकून म्हटलं तर आय कानावर हात ठिवायची." त्यांनी बहिणीकडे पाहिलं. ती लंगडीपाशी थांबली होती. बिरूदादांनी डोळे मिटून घेतले, तिने पुढचं नाव घेईपर्यंत उघडले नाहीत.

त्यांनी तिला गावी न्यायचं म्हटलं तेव्हा मी भांडले. डॉक्टर इथे, औषधं इथे. ते शांतपणे म्हणाले, "तुमी लय केलंसा. पर ही आता जिथं पोचलीया, तिथं तुमी न्हाईसा." मला राग आला. रात्रभर जागून सकाळी मीच तिची बॅग भरली.

गेल्या आठवड्यात पहिल्यांदा तिच्या गावी गेले. ज्या खोलीत हौसा गेली तिथे तिची शाल घडी करून ठेवली होती. मी बिरूदादांना विचारलं, लंगडीनंतर कुठली मेंढी होती?

"मेंढी न्हवती," ते म्हणाले. "आज्जाची पोर हुती. बाची थोरली भैन, सात वर्साची. लंगडी मागं राहायची म्हणून तिच्यासंगट चालायची. एका सालाला कोकणात उतरताना घाटात आज्जानं मागं वळून बघितलं, तर लंगडी एकलीच येतीया. आठ दिस हुडकलं. न्हाईच घावली. तवापास्नं आज्जा तिथं थांबायचा."

"नाव काय होतं तिचं?"

"हौसा. ही जन्मली तवा बानं तेच नाव ठिवलं. हिला कुणी सांगितलं न्हवतं, म्याडम. कुणीच न्हाई."

उन्हं उतरली तशी मेंढरं माळावरून परत आली. बिरूदादा जाळीच्या कुंपणापाशी उभे राहिले. आताच्या मेंढरांची नावं वेगळी असतील, पण ते जुनंच म्हणू लागले. "आता कुणाची बंदी," असं म्हणाले होते. एकेका नावासरशी एकेक मेंढी आत जात होती. लंगडीचं नाव घेऊन ते थांबले. कुंपणाच्या तोंडाशी आलेली मेंढीही थांबली. पुढे वाट मोकळी होती, कुणी अडवलं नव्हतं, तरी ती आणि तिच्यामागची सगळी तशीच उभी राहिली, माना किंचित एका बाजूला करून, जणू कुणाला तरी आधी जाऊ द्यायचं आहे. मग बिरूदादांनी पुढचं नाव घेतलं आणि ती चालू लागली.