उशिरा उचललेला फोन

तातडीच्या मदतीचे फोन घेण्यात तिची उमेदीची वर्षं सरली होती. निवृत्त झाली तेव्हा तिने नवऱ्याला बजावलं, यापुढे घरात फोन वाजला तर तू उचलायचास, माझे कान विटलेत. वर्षभर तिने कुंड्यांतली माती उकरली, दुपारी झोपा काढल्या आणि ऑफिसचा विषय निघाला की उठून आत गेली.

मग एकदा जुने साहेबच दारात येऊन उभे राहिले. नवी मुलं शिकून तयार होतात न होतात तोच सोडून जातात, निम्म्या खुर्च्या रिकाम्या, तेव्हा निवृत्तांना परत घ्यायचं ठरलंय, असं त्यांनी खाली मान घालून सांगितलं. नवरा म्हणाला, झोपेत दचकून उठायचीस, विसरलीस का? ती विसरली नव्हती. तरी थोडे दिवस, तेही फक्त दिवसपाळी, असं म्हणून ती कबूल झाली.

रुजू होऊन फार दिवस झाले नव्हते. त्या दुपारी कुठेशी बस उलटली आणि फोनांची झुंबड उडाली. जो तो कुणाशी तरी बोलण्यात गुंतलेला. पडद्यावर एक फोन केव्हाचा ताटकळत होता. हातातला संपताच तिने तो घेतला, आणि पहिल्याच शब्दाला आवाज ओळखला. भिंतीपलीकडची शेजारीण. सांडपाण्याच्या पाइपावरून दोघींचं असं फाटलं होतं, की समोरासमोर आल्या तरी नजर चुकवायच्या.

शेजारणीचा नवरा जेवता जेवता कोसळला होता. श्वास बंद. तिने रुग्णवाहिका पाठवली आणि छाती कुठे, कशी दाबायची ते सांगत, तोंडाने आकडे मोजत राहिली. शेजारीण रडत होती, पण तिने हात थांबवले नाहीत. गाडी पोचली तेव्हा सगळं संपलं होतं.

संध्याकाळी ती शेजारी गेली. बसलेल्यांनी सरकून जागा दिली. शेजारीण येईल त्याला एकच सांगत होती, की फोन नुसता वाजत राहिला, कुणी घेईचना.

फोनवरचा तिचा आवाज शेजारणीने ओळखला नव्हता; ती गप्प राहिली असती तर कुणाला कळलंही नसतं.

"तो मी घेतला," ती म्हणाली. "उशिरा घेतला. आम्ही फार कमी जण होतो."

शेजारणीने तिच्याकडे पाहिलं.

"दाबताना माझं काही चुकलं का गं?"

"नाही. करायला हवं होतं तेच तू केलंस."

शेजारीण तिला जा म्हणाली नाही. माणसं पांगली तरी ती तिथेच बसून राहिली.

थोडे दिवस म्हणून धरलेली नोकरी तिने अजून सोडलेली नाही. नवरा कुरकुरतो. संध्याकाळी ती परतली, की कधी कधी शेजारीण फाटकाशी येते आणि आज तुम्ही किती जण होता, एवढंच विचारते. आकडा कितीही लाजिरवाणा असो, ती खरा तोच सांगते.