तंबाखूमुक्त आवार

"ही तुझीच ना?"

वॉर्डन मॅडमनी माझी वाकळ दोन बोटांत धरली हुती. मजल्यावरच्या सगळ्या मुली दारात गोळा झालेल्या. मॅडमनी वाकळ झटकली आणि घडीतनं तंबाखूचं वाळकं पान फरशीवर पडलं. कुणीतरी नाकाला ओढणी लावली.

"तंबाखूमुक्त आवारात हे? खातेस की विकतेस?"

मी म्हटलं, "मॅडम, कसर लागू नये म्हणून आईनं घातलंय."

"माणसं डांबरगोळ्या वापरतात," मॅडम म्हणाल्या. मुली हसल्या. एकीनं आडनाव विचारलं, आणि ते ऐकून दुसरीनं मान हलवली, म्हणजे आलं ध्यानात.

आम्ही निपाणीचे. घरात विड्या वळतात. आमच्यात कपड्यांच्या घडीत पान घालतात, कसर येत न्हाय. आजी घालायची, आई घालते. पोरगी पहिल्यांदा घर सोडून बेळगावला निघाली म्हणून आईनं वखारीत मागून चांगलं अख्खं पान आणलतं. लेकीला द्यायला तिच्याकडं तेवढंच हुतं. त्या पानाकडं बघून मला मेल्याहून मेल्यागत झालं.

विद्यापीठ लई मोठं. तीन गावांत आवारं. प्रवेशाच्या दिवशी पडद्यावर सगळं दाखवलतं: ग्रंथालय, मुलींचं होस्टेल, दवाखाना, नोकरीचं मार्गदर्शन, गोरगरिबांच्या वस्त्यांसाठी विस्तार विभाग. बघून माझा ऊर भरून आलता. चिकोडीला बसनं जाऊन-येऊन मी बी.एस्सी. केली. पण रसायनशास्त्राची एम.एस्सी. हितं हुती आणि निपाणीसनं रोजचं येणं-जाणं होण्यासारखं न्हवतं. होस्टेल गेलं की शिक्षण गेलं. हे मॅडमना पुरतं ठावं हुतं.

दुसऱ्या दिवशी मला विस्तार विभागाच्या सरांकडं धाडलं. सर बेळगावच्या कॅम्पात, साहेबी वस्तीत वाढलेले, बोलणं लोण्यासारखं मऊ. शिवी न्हाय, ओरडणं न्हाय. माझ्यासाठी चहा मागवला.

"तुझ्यावर कारवाई नको, असं मीच मॅडमना सांगितलं," ते म्हणाले. "आपला तंबाखूविरोधी कार्यक्रम आहे. स्टेजवर दोन शब्द बोल. घरच्यांच्या अडाणीपणामुळे ही सवय लागली, विद्यापीठानं मला त्यातून बाहेर काढलं. एवढंच. माफीही त्यातच होऊन जाईल."

कसली सवय? मी जन्मात तंबाखू तोंडात धरली न्हाय. आईनं पण न्हाय. ती नुसती तंबाखूची धूळ छातीत भरून घेते, वळता वळता, आणि खोकत बसते. हे सगळं माझ्या जिभेवर आलतं, पण होस्टेलपायी गिळलं. गप बसले म्हणजे व्हय म्हटलं, असं सरांनी धरलं.

कार्यक्रमाला विद्यापीठाची बस निपाणीला जाऊन आमच्या वस्तीतल्या बायकांना घेऊन आली. आरोग्य तपासणी हाय म्हणून सांगितलेलं. त्या बिचाऱ्या मजुरी बुडवून आल्या. त्यात माझी आई हुती. मला कुणी सांगितलं न्हवतं.

त्यांना अगदी मागच्या रांगेत बसवलं. खिडक्या उघडल्या. मग एक शिपाई येऊन त्यांच्या डोक्यावर सुगंधी फवारा मारून गेला. आईला वाटलं, मोठ्या ठिकाणी पाहुण्यांना असंच अत्तर उडवत असतील. तिनं पदर सारखा केला आणि लांबून माझ्याकडं बघून हसली. ते हसणं मला सोसंना.

तपासणीला डॉक्टर न्हवताच. पडद्यावर सडलेल्या फुफ्फुसांची चित्रं दाखवली, बिस्किटं वाटली. झाली तपासणी.

माझं नाव पुकारलं. स्टेजवर चढले तर भिंतीवर फोटो, ताजा हार घातलेला. खाली संगमरवरात नाव. सभागृह बांधून देणारा दाता. निपाणीतलं शेंबडं पोर पण ओळखील त्याला. तंबाखूच्या वखारींचा मालक. माझी आजी त्याच्याच वखारीत तंबाखू चाळून मेली. सर त्या फोटोला हात जोडून खुर्चीवर बसले हुते. पान माझ्या वाकळंत सापडलं तर गुन्हा, आणि वखारवाला भिंतीवर चढला तर पुण्य. दाखवायचे दात निराळे आणि खायचे निराळे, दुसरं काय.

  

मी माईक धरला. म्हटलं, "माझी आई अडाणी न्हाय. तिच्यासारख्या बायकांच्या छातीवर हे सभागृह उभं हाय. हितं कुणाला माफी मागायची असंल तर ती त्या मागच्या रांगेची मागा."

सर म्हणाले, "माईक बंद करा."

माईक बंद झाला. मी तशीच ओरडून म्हटलं, "तपासायला आणलंय न्हवं त्यांना? मग डॉक्टर बोलवा."

कुणी टाळी वाजवली न्हाय. मागच्या बायका उठून उभ्या ऱ्हायल्या. त्यांना वाटलं, कार्यक्रम संपला.

बसपाशी आईनं माझा दंड धरला. "गप बसायचं हुतंस गं. काढलं हितनं तर कुठं जाशील?"

"कुठं न्हाय. हितंच ऱ्हाणार."

"ते लोक मोठं हाईत, बाई."

"असूं देत."

तिला ते पटलं न्हाय. जाताना तोंड फिरवून बसली.

आता मला खोली सोडायला सांगितलंय. शिस्तभंग म्हणं. सर अजून मऊच बोलतात: "लेखी माफी दे, मी सांभाळून घेतो." मी माफी दिली न्हाय आणि खोलीबी सोडली न्हाय. जेवणाच्या टेबलावर माझ्याशेजारची खुर्ची मोकळी असते. मी पोटभर जेवते. प्रयोगशाळेत जाते. ग्रंथालय बंद होईस्तोवर बसते. हे कुणी माझ्या पदरात टाकलेलं दान न्हाय, की त्यासाठी मी माय विकावी.

खोलीला कुलूप घाला. मी दारात बसून अभ्यास करीन. परीक्षेला बसणार, पास होणार. आणि आईबद्दल एक खोटा शब्द माझ्या तोंडातनं कुणाला मिळणार न्हाय.