तिसरा हीटर प्लग

डिझेल गाडीचा अडकलेला हीटर प्लग काढावा तर गॅरेजवाल्या मुकाश उस्तानंच, असं अख्खं कारा-जिल्गा गाव म्हणायचं. मुळाशी तेल सोडायचं, धग द्यायची, पाव फेरा पुढे, पाव फेरा मागे, आणि मग खुशाल चहा पीत बसायचं. गिऱ्हाईक कावलं तर म्हणायचा, "प्लग तुटला तर इंजिनचं हेड खोलावं लागेल. मग बस दोन दिवस." एकतीस वर्षांत त्याच्या हातून एकही तुटला नव्हता. गर्वही होता त्याला, खोटं कशाला बोला!

त्या रविवारी सकाळीच तेमिरकुलनं घोडा जुंपून आपली व्हॅन ओढत आणली. त्याची धाकटी बहीण ऐनुरा घाटापलीकडे सासरी वारली होती. माहेरच्यांनी तोंड पाहिल्याशिवाय बाईला माती देत नाहीत, पण सासरचे दुपारच्या नमाजापर्यंतच थांबणार होते. रस्ता गाडीनं दोन तासांचा. हीटर प्लग जळालेले, त्यामुळे थंडीत व्हॅन सुरू होईना, आणि गावातल्या झाडून साऱ्या गाड्या गुरांच्या बाजाराला गेलेल्या.

दोन प्लग निघाले. तिसरा जागचा हलेना. पाना लावला की बारीक कुरकुर यायची, म्हणजे अजून थांबायचं. तेमिरकुल बिचारा सारखा घड्याळ बघत होता. मुकाशला ते बघवेना. साडेदहा वाजून गेले.

"उस्ता, जरा जोर लावून बघता का?"

"तासभर तेल मुरू दे."

"तास कुठून आणू, उस्ता?"

मुकाशनं पान्याला लांब नळी अडकवली आणि अंग टाकलं. कट्‌कन आवाज झाला. प्लगचं टोक आतच राहिलं.

दया आली आणि घात झाला, दुसरं काय! मुकाश पाना टाकून खाली बसला. तेमिरकुलनं चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुपारी ऐनुराच्या सासरहून फोन आला, आता मयत उचलतोय म्हणून. तेमिरकुल गॅरेजच्या अंगणात उभा राहिला, कमरेवर हात ठेवले, आणि मयताच्या घराकडे येताना पुरुष घालतात तशी हाक घातली, "माझ्या पाठची गेली रे!"

अशा हाकेला दारातल्या पुरुषांनी रडून उत्तर द्यायचं असतं. गॅरेजच्या दारात कोण असणार? मुकाश उठला, तेलकट हातांनी चौकट धरून उभा राहिला आणि ऐनुराच्या घरचा असल्यासारखा मोठ्यानं रडला.